क्लास आणि ऑब्जेक्ट शिकवायच्या आधी पोरांना काय शिकवायचं?

2025 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की 2026-27 पासून तिसरीपासूनच्या पोरांना एआय आणि कम्प्युटेशनल थिंकिंग शिकवणार, आणि तेव्हापासून सोसायटीच्या, शाळेच्या, मावस-चुलत सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच धांदल चालू आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीत, कोडिंगचा उल्लेख आला तेव्हाही असंच झालं होतं, धोरणात जेमतेम एक ओळ होती आणि जाहिरातीत मात्र सहावीपासून कोडिंग कंपल्सरी होऊन बसलं होतं. आता कोडिंगचे क्लासवाले त्याच्याही पुढे गेलेत. पत्रकावर "वयाच्या दहाव्या वर्षी ओओपी", "लहान मुलांसाठी जावा आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड कन्सेप्ट्स" असं छापून येतं, आईबापांना त्यातलं अर्धं कळत नाही, आणि कळत नाही म्हणूनच फी भरली जाते.

मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी शाळेतल्या पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवतो, त्यामुळे "हे ओओपी आत्तापासून शिकवायचं का हो?" हा प्रश्न मला सारखा येतो. माझं उत्तर: व्याख्या अजिबात नको, तयारी मात्र आत्तापासून चालेल, आणि ती तयारी प्रोग्रॅमिंगमधला "क्लास" हा शब्द न उच्चारताही होते. ती कशी ते नीट सांगतो, थोडं लांबेल.

आधी हे ओओपी आहे तरी काय

साधा प्रोग्रॅम म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली कामांची यादी. हे कर, मग ते कर, अमुक झालं तर तमुक कर. यादी छोटी असेपर्यंत काही प्रॉब्लेम नाही, पण बँकेचं किंवा रेल्वे रिझर्वेशनचं सॉफ्टवेअर असेल तर यादी लाखो ओळींची होते आणि कुठली माहिती कोण कधी बदलतंय याचा पत्ता लागत नाही. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, म्हणजे ओओपी, यात त्या एका लांबलचक यादीऐवजी छोटी छोटी पात्रं करायची. प्रत्येक पात्राकडे स्वतःची माहिती आणि स्वतःला येणारी कामं. त्या पात्राला म्हणायचं ऑब्जेक्ट, आणि एकाच जातीच्या सगळ्या पात्रांचे सामाईक नियम जिथे एकदाच लिहून ठेवलेत त्याला म्हणायचं क्लास. एवढेच दोन शब्द लक्षात ठेवा, बाकीचे येतील तसे बघू.

आता खो-खोचं मैदान डोळ्यासमोर आणा. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण मध्यपाटीवर एकाआड एक उलटसुलट तोंड करून बसलेत, नववा पळतोय. बसलेल्या प्रत्येकाकडे स्वतःची माहिती आहे: मी कितव्या चौकात, माझं तोंड कुठल्या बाजूला, मी बसलोय का उठलोय. आणि प्रत्येकाला काही कामं येतात: उठणं, पळणं, गडी बाद करणं, खो देणं. हे आठ अधिक एक असे नऊ ऑब्जेक्ट. नियमपुस्तकात "पाठलाग करणाऱ्या खेळाडूने काय करायचं" हे एकदाच लिहिलंय, नऊ वेळा नाही, तो झाला क्लास.

पळणारा दमला की मागून येऊन "खो" म्हणतो. तो बसलेल्याचा दंड धरून त्याला उभा करत नाही, आधी डावा पाय टाक मग उजवा असंही सांगत नाही. फक्त खो. पुढचं सगळं तो बसलेला स्वतः करतो, कारण त्याचं तोंड कुठे आहे आणि त्याला कुठल्या बाजूला पळता येईल हे त्याचं त्यालाच माहीत. ओओपीचा जीव इथे आहे. एका ऑब्जेक्टने दुसऱ्याला फक्त निरोप द्यायचा, त्याच्या आतल्या माहितीत हात घालायचा नाही. हात न घालण्याच्या या शिस्तीला एनकॅप्सुलेशन म्हणतात.

2022 ला पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात वझीर आला. वझीर म्हणजे पाठलाग करणाराच, पण त्याला कुठल्याही दिशेने पळता येतं, बाकीच्यांसारखं एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत सोडायची नाही हे बंधन त्याला नाही. नियम लिहिणाऱ्याने वझिरासाठी सगळं पुस्तक परत लिहायची गरज नाही, "बाकी सगळं इतरांसारखं, फक्त दिशेचा नियम वेगळा" एवढं पुरतं. हे झालं इनहेरिटन्स. आणि खो देणाऱ्याने पुढे बसलेला साधा आहे का वझीर याचा विचार करत बसायचं कारण नाही, तो खो देतो, उठणारा आपापल्या पद्धतीने पळतो. याला पॉलिमॉर्फिझम असं भलंमोठं नाव आहे. इंजिनिअरिंगच्या व्हायवाला ज्या शब्दांनी पोरांना घाम फुटतो त्यातले बहुतेक झाले की.

हे मुळात पोरांसाठीच होतं, नंतर परीक्षेचं झालं

गंमत अशी की ही कल्पना आणि लहान पोरं यांचं नातं फार जुनं आहे. सुरुवात नॉर्वेत, ऑस्लोला. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड या दोघांना जहाजं, रांगा, कारखाने असल्या खऱ्या गोष्टी कॉम्प्युटरमध्ये चालवून बघायच्या होत्या, त्यातून सिम्युला 67 ही भाषा झाली आणि क्लास-ऑब्जेक्ट तिथे पहिल्यांदा नीट दिसले. त्याच 1967 साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सोलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी मुलांसाठी लोगो भाषा केली, तीच ती कासववाली: पुढे 100, उजवीकडे 90. आपल्याकडे नव्वदीत शाळेत कॉम्प्युटर शिकलेल्या बऱ्याच जणांनी ते त्रिकोणी कासव पाहिलं असेल.

1968 मध्ये ॲलन के नावाचा कॉम्प्युटर शास्त्रज्ञ पॅपर्टकडे गेला आणि पोरं लोगोत काय काय करतात ते बघून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं की कॉम्प्युटर ही मुलांच्या हातात द्यायची गोष्ट आहे. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या रिसर्च सेंटरमध्ये त्याने आणि त्याच्या टीमने स्मॉलटॉक ही भाषा केली, आणि तिथे ॲडेल गोल्डबर्ग खरोखर शाळेतल्या पोरांना ती शिकवायची. तिची सुरुवात बघण्यासारखी आहे. स्क्रीनवर एक चौकोन, त्याचं नाव जो. जो, 30 अंश वळ. जो, मोठा हो. मग दुसरा चौकोन, जिल. जोला वळवलं तर जिल जागची हलत नाही. बास, एवढ्यात पोराला कळतं की दोघं एकाच जातीचे पण दोघांचं आपापलं वेगळं आहे. व्याख्या शून्य. आज पोरं वापरतात ते स्क्रॅच, म्हणजे रंगीत ब्लॉक ओढून जोडत प्रोग्रॅम करायची भाषा, अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून 2007 ला बाहेर आलं, त्याची पहिली आवृत्ती स्मॉलटॉकच्याच एका वंशजात, स्क्वीकमध्ये लिहिलेली होती. म्हणजे घराणं एकच.

मधल्या काळात हीच कल्पना सी++ आणि जावा या भाषांतून कंपन्यांत गेली, कंपन्यांतून कॉलेजात, कॉलेजातून परीक्षेत. आपल्याकडे बारावीला कॉम्प्युटर सायन्स बायफोकल घेतलेल्यांनी सी++ पाठ केलंय, डिप्लोमाला तिसऱ्या सेमिस्टरला तेच, आयसीएसईची पोरं तर नववीलाच जावा उघडतात. आणि सगळीकडे पहिल्या धड्यातलं पहिलं वाक्य तेच, "क्लास इज अ ब्लूप्रिंट ऑफ ऑब्जेक्ट". पोरगं हे वाक्य झोपेतही म्हणतं. त्याला म्हणा, बरं, आता तुझ्या शाळेच्या लायब्ररीसाठी कुठकुठले क्लास करशील? गप्प.

मग थेट क्लासच का शिकवू नये?

कारण क्लास हे एका त्रासावरचं औषध आहे आणि दहा वर्षांच्या पोराला तो त्रास अजून झालेलाच नसतो. वीस ओळींच्या प्रोग्रॅममध्ये क्लास घातला की तो चाळीस ओळींचा होतो आणि पोराला वाटतं ही काहीतरी सरांची हौस आहे. त्यात उदाहरणं कुठली, तर ॲनिमल, त्याच्यापासून डॉग आणि कॅट, आणि डॉगला "भुंक" सांगितलं की स्क्रीनवर "भो भो" छापून येतं. जगात कोणी कधी कुत्र्याला भुंकायला लावायचा प्रोग्रॅम विकलाय का? मला हे उदाहरण मनापासून आवडत नाही, कारण त्यातून इनहेरिटन्स ही प्राणिशास्त्रातल्या तक्त्याची गोष्ट वाटते, दुखण्यावरची गोळी वाटत नाही.

त्रास आधी व्हायला हवा. तो कसा होतो ते एका गेममधून दाखवतो, स्क्रॅचमधला, चौथी-पाचवीचं पोरगं करेल असा.

आंबे पाडायचा गेम

खाली टोपली, बाणाच्या बटणांनी डावीउजवीकडे सरकते. वरून आंबा पडतो. आंब्याचा कोड एवढाच: वर कुठेतरी जा, आणि टोपलीला टेकेपर्यंत किंवा तळाला जाईपर्यंत पाच-पाचने खाली ये. अर्ध्या तासात होतं. पोरगं खूश, आणि लगेच म्हणतं, एकच आंबा काय, भरपूर पाहिजेत.

मग ते आंब्यावर राइट क्लिक करून डुप्लिकेट करतं. दहा आंबे. प्रत्येक आंब्याबरोबर कोडचीही कॉपी झाली, हे त्याच्या लक्षात येत नाही आणि तुम्ही ते सांगायचंही नाही. गेम चालतो, मजा येते. मग तुम्ही सहज म्हणायचं, फार हळू पडतायत रे, वेग वाढव की. आता त्याला दहा ठिकाणी जाऊन पाचाचा आठ करायला लागतो. ते करतं, कंटाळत करतं, एखादा राहतोच, आणि गेममध्ये एक आंबा रेंगाळत खाली येतो आणि शेजारचा पोरगा हसतो. तेवढ्यात कोणालातरी वाटतं की आंबा फिरत फिरत पडला पाहिजे. परत दहा ठिकाणी. इथे शिकवणाऱ्याचं सगळ्यात अवघड काम म्हणजे तोंड बंद ठेवणं. मी बरेच मास्तर बघितलेत जे इथे घाई करतात, "थांब थांब, याला सोपी ट्रिक आहे" म्हणून स्वतःच माउस हातात घेतात, आणि पोराच्या हातून तो त्रास निसटतो. ते स्वतः वैतागून "सर, एकदाच लिहून सगळ्यांना लागू नाही का होणार?" असं विचारेपर्यंत थांबायचं. तो प्रश्न आला की क्लासची अर्धी समज आली.

त्यानंतर क्लोन दाखवायचा. स्क्रॅचमध्ये एक ब्लॉक आहे, "क्रिएट क्लोन ऑफ मायसेल्फ", म्हणजे माझ्यासारखा आणखी एक कर, आणि दुसरा आहे "व्हेन आय स्टार्ट ॲज अ क्लोन", म्हणजे जन्मल्यावर काय करायचं. नऊ आंबे डिलीट, एक ठेवायचा, दर सेकंदाला क्लोन काढायचा. आता वेग एकाच ठिकाणी बदलतो आणि सगळे आंबे ऐकतात.

पण खरी मेजवानी याच्या पुढे. पोरगं म्हणतं, प्रत्येक आंब्याचा वेग वेगळा पाहिजे. मग वेग नावाचा व्हेरिएबल करायचा, म्हणजे एक आकडा ठेवायची नाव लावलेली जागा. तो करताना स्क्रॅच एक प्रश्न विचारतं ज्याकडे कोणीच बघत नाही: "फॉर ऑल स्प्राइट्स" का "फॉर धिस स्प्राइट ओन्ली", सगळ्यांसाठी का फक्त याच्यासाठी (स्प्राइट म्हणजे स्क्रीनवरचं पात्र). आधीपासून टिक असते ती पहिल्यावर, पोरं ओके दाबून मोकळी होतात. गेम चालू केला की भलतंच दिसतं, नवा आंबा जन्मला की हवेत असलेले सगळे आंबे झटक्यात त्याच्या वेगाने पडायला लागतात. कारण वेग एकच, सगळ्यांचा मिळून, आणि प्रत्येक नवा आंबा तो पुसून आपला आकडा लिहितोय. पोरं हे बघून आधी हसतात मग गोंधळतात. दुसऱ्या पर्यायावर टिक करून तोच व्हेरिएबल परत केला की प्रत्येक क्लोनला स्वतःचा वेग मिळतो, आणि आंबे आपापल्या चालीने पडतात. "माझं" आणि "सगळ्यांचं" यातला हा फरक डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला इन्स्टन्स व्हेरिएबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल अशा नावांनी येतो आणि तिथे अनेक जण गडबडतात, कारण त्यांनी सगळे आंबे एकदम घसरताना कधी बघितलेलेच नसतात.

लगेच पुढचा प्रश्न टाकायचा. आंबा टोपलीत पडला की गुण कोणी वाढवायचे, आंब्याने का टोपलीने? पोरं जवळजवळ नेहमी टोपली म्हणतात. करू द्या. टोपलीला एवढंच कळतं की कुठलातरी आंबा टेकला, नेमका कुठला ते कळत नाही, आणि तो आंबा नाहीसा करणं तिच्या हातात नाही, क्लोनने स्वतःच स्वतःला डिलीट करायचं असतं. मग काम आंब्याकडे जातं: मी टोपलीला टेकलो का? टेकलो तर एक गुण वाढव आणि गायब हो. आणि गुण मात्र "सगळ्यांसाठी" असलेच पाहिजेत, नाहीतर प्रत्येक आंबा आपापले गुण मोजत बसेल. एका गेमात दोन्ही प्रकार आले.

शेवटी कोणीतरी सडका आंबा आणतंच, धरला तर दोन गुण वजा. बाकी सगळं साध्या आंब्यासारखं. इथे स्क्रॅचचा हात आखडतो, त्यात इनहेरिटन्स नाही, त्यामुळे एकतर आंब्याच्या कोडमध्ये "सडका असशील तर" असं घुसडायचं नाहीतर परत कॉपी मारायची. मला वाटतं ही उणीव चांगलीच आहे. पुढच्या औषधासाठी पुढचा त्रास तयार राहतो.

तर तयारी म्हणजे नेमकं काय

वर जे झालं त्यात मोठं काम एकच आहे, "हे काम कोणाचं?" हा प्रश्न सारखा विचारायची सवय. कोड कसा लिहायचा हे नंतर कुठूनही येतं. गुण कोण मोजणार, गेम संपला हे कोण ठरवणार, आवाज कोण काढणार, हे पोराने ठरवायचं आणि चुकलं तर त्याचे भोग त्यानेच भोगायचे.

दुसरी गोष्ट, कुठल्याही प्रकारची वस्तू दाखवताना कमीत कमी दोन दाखवा. इंग्लंडच्या ओपन युनिव्हर्सिटीतल्या शिक्षकांनी 1997 मध्ये ओओपी शिकणाऱ्यांच्या गैरसमजांवर एक छोटा पेपर लिहिला होता, त्यात हेच आहे: उदाहरणात क्लासचा एकच ऑब्जेक्ट दाखवला तर शिकणाऱ्याला क्लास आणि ऑब्जेक्ट एकच वाटतात, आणि ऑब्जेक्टमध्ये एकच माहिती ठेवली तर ऑब्जेक्ट म्हणजे नुसता व्हेरिएबलच वाटतो. आपली पाठ्यपुस्तकं आजही "स्टुडंट एस1" असा एकच विद्यार्थी करून धडा संपवतात. दोन करा, त्यांना दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारची माहिती द्या, एकाची बदला आणि दुसऱ्याची तशीच राहते हे दाखवा.

तिसरी, ऑब्जेक्टच्याही आधी स्वतःचा ब्लॉक करायला यायला हवा. स्क्रॅचमध्ये "माय ब्लॉक्स" म्हणून विभाग आहे, त्यात पाच-सात पायऱ्यांचं एक काम एका नावाखाली ठेवता येतं. ज्याला कामाला नाव देता येत नाही त्याला पात्राला कामं वाटून देता येणार नाहीत. क्रम, अट, पुनरावृत्ती, मग नावाचा ब्लॉक, मग अनेक पात्रं, हा रस्ता घाईने पार होत नाही आणि त्यात लाज वाटायचं काही कारण नाही.

एक बारीक गोष्ट, मला स्वतःला फार आवडते. स्क्रॅचमध्ये एका स्प्राइटची "फक्त याच्यासाठी" असलेली माहिती दुसऱ्या स्प्राइटला वाचता येते, पण बदलता येत नाही. टोपलीचा "उरलेले जीव" हा आकडा आंब्याला बघता येईल, कमी करता येणार नाही, त्याने फार तर निरोप पाठवावा आणि टोपलीने स्वतः कमी करावा. खो द्या, दंड धरू नका. एवढा सुंदर नियम गपचूप पाळायला लावलाय आणि बहुतेक शिकवणाऱ्यांना तो माहीतच नाही.

"स्क्रॅच म्हणजे खेळणं, त्याने वाईट सवयी लागतात"

आक्षेप अगदीच खोटा नाही. इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 2011 ला लिहिलं होतं की स्क्रॅचमध्ये शिकलेली पोरं समोर दिसतील ते ब्लॉक ओढून जोडत जातात, आधी विचार करून आराखडा करत नाहीत, आणि कोडचे इतके बारीक तुकडे करतात की त्याचा अर्थच लागत नाही. नेदरलँड्समध्ये 2016 ला अडीच लाखांच्या आसपास स्क्रॅच प्रोजेक्ट तपासले गेले, त्यात कॉपी-पेस्ट केलेला कोड सर्रास सापडला. पण त्याच वाइझमनच्या मंडळींनी नंतर, 2015 मध्ये, स्क्रॅच करून आलेली आणि न करता आलेली दहावीच्या आसपासची पोरं सी# किंवा जावा शिकताना बघितली. स्क्रॅचवाल्यांना नवे विषय कमी वेळात कळले, पण वर्षाच्या शेवटी मार्कांत फारसा फरक राहिला नाही, लूपसारखी, म्हणजे पुनरावृत्तीसारखी, एखादी गोष्ट सोडली तर.

म्हणजे स्क्रॅच केलं म्हणून पोरगं पुढे कायमचं आघाडीवर राहील असं कोणी सांगत असेल तर तो फेकतोय. सुरुवात सोपी होते आणि भीती जाते, एवढं नक्की. आणि सवयींचं म्हणाल तर कॉपी-पेस्ट हा आजार मोठ्या कंपन्यांतही आहे, निदान इथे तो पोराला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

एक गोष्ट मात्र पुढे सोडवावी लागते. स्क्रॅचमधला निरोप, "ब्रॉडकास्ट", सगळ्यांना एकदम जातो, ज्याला ऐकायचं तो ऐकतो. ओओपीत निरोप नेमक्या एकाला जातो. खो-खोत पूर्ण रांगेकडे बघून "खो" ओरडून चालत नाही ना, एकाच्या पाठीमागे जाऊन द्यावा लागतो. हा फरक पायथनला, म्हणजे टाइप करून लिहायच्या भाषेला, आल्यावर मुद्दाम दाखवायला लागतो.

कॉम्प्युटर नसेल तर?

मैदान असेल ना. पोरांना खरंच खो-खोला बसवा आणि प्रत्येकाच्या हातात एक कार्ड द्या, त्यावर त्याची माहिती: चौक, तोंड, उठलाय का बसलाय. नियम एकच, दुसऱ्याचं कार्ड ओढायचं नाही, बघायचं असेल तर विचारायचं, बदलायचं असेल तर त्यालाच सांगायचं. मग मधेच एकाला कानात सांगा की तू वझीर. बाकीच्यांना काही बदलावं लागतं का ते त्यांनाच शोधू द्या. पाऊण तासाचा हा तास महागड्या लॅपटॉपवरच्या चार तासांना भारी पडतो, आणि पोरं दमून घरी जातात हा आईबापांना बोनस.

शाळेत जुनी मशिनं असतील तर एक प्रॅक्टिकल सूचना. स्क्रॅच फुकट आहे आणि एकदा इन्स्टॉल केलं की इंटरनेटशिवाय चालतं, पण नव्या आवृत्तीला निदान विंडोज 10 लागतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी जुनं 1.4 टाकलेलं असतं, आणि त्यात क्लोन नाहीत, स्वतःचे ब्लॉकही नाहीत, ते 2013 च्या 2.0 मध्ये आले. 1.4 वर पोरांना आंब्यांचा त्रास होईल पण औषध मिळणार नाही.

पायथनकडे कधी जायचं

वय सांगणं अवघड आहे, पण टाइप करायचा कंटाळा गेला आणि इंग्रजी स्पेलिंगची भीती गेली की, साधारण आठवी-नववीला. पायथनमध्ये टर्टल नावाचं मॉड्यूल आधीपासूनच असतं, पॅपर्टच्या कासवाचा नातू. तिथे एकाऐवजी दोन कासवं करा, गंप्या आणि चिंगी. गंप्या.फॉरवर्ड(100) लिहिलं की गंप्या पुढे जातो, चिंगी तिथेच. चिंगी.कलर("लाल") केलं की गंप्याचा रंग तसाच. मधला तो टिंब म्हणजे खो, आणि टिंबाच्या आधी जो आहे त्यालाच तो दिलाय. (खऱ्या कोडमध्ये फॉरवर्ड, कलर आणि रंगाचं नाव हे इंग्रजीतच लिहावं लागतं, पण पायथन 3 मध्ये गंप्या हे नाव चक्क देवनागरीत चालतं, पोरांना याचं प्रचंड अप्रूप वाटतं.)

इथे पोरं महिनोन्महिने दुसऱ्याने लिहिलेला क्लास वापरतात, स्वतःचा लिहित नाहीत, आणि ते बरोबर आहे. स्वतःचा क्लास लिहायला घेतला की पहिला धोंडा लागतो तो "सेल्फ". सगळ्यांचे नियम एकदाच लिहायचे असल्यामुळे ते लिहिताना कोणाचं नाव घालणार? म्हणून "सेल्फ", म्हणजे ज्याला आत्ता खो मिळाला तो, मग गंप्या असो का चिंगी. ज्या पोराने क्लोनवर "माझा वेग" वापरलाय त्याला हे दहा मिनिटांत पटतं. ज्याने नाही वापरला त्याला ते प्रत्येक ओळीत का लिहायचं हे कळत नाही आणि ते सवयीने लिहीत राहतं, कॉलेजपर्यंत.

इनहेरिटन्स त्याच्याही नंतर, आणि कमी. नववी-दहावीत हात धरून शिकवायचं असेल तर जावा शिकायचं ग्रीनफूट नावाचं फुकट सॉफ्टवेअर बघा, ज्यांनी जावाच शिकवणारं ब्लूजे केलं त्याच मायकेल कोलिंगच्या टीमचं. त्यात "अ‍ॅक्टर" नावाचा क्लास तयार असतो आणि तुम्ही त्याच्यापासून आपला खेकडा नाहीतर आपला आंबा करता. सडक्या आंब्याचा जुना हिशोब तिथे चुकता होतो. आयसीएसईच्या पोरांना जावा करायचंच आहे, त्यांनी सुट्टीत हे करावं.

"पण ओओपीच आता जुनं झालं ना?"

हा आक्षेप आयटीतले बाप घेतात, आणि जोरात घेतात. 2011 मध्ये कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीने पहिल्या वर्षाच्या कॉम्प्युटर सायन्समधून ओओपी पूर्ण काढून टाकलं, तिथल्या प्राध्यापकांचं म्हणणं होतं की ते सुरुवातीला शिकवण्यासारखं नाही. हे खरं आहे, आणि ते माझ्या बाजूचंच आहे. जे अठराव्या वर्षी पहिल्या सेमिस्टरला नको ते दहाव्या वर्षी कशाला? पण त्यांनी काढला तो क्लास-इनहेरिटन्सचा पसारा. कामाचे तुकडे करणं, तुकड्यांच्या हद्दी ठरवणं, दुसऱ्याच्या हद्दीत हात न घालणं हे ज्या कुठल्या पद्धतीने प्रोग्रॅम लिहाल त्यात लागतंच. पोरगं उद्या ओओपी करो किंवा फंक्शनल नावाची दुसरी पद्धत वापरो, आंब्यांवर घालवलेला वेळ वाया जात नाही.

"एआयच कोड लिहितो, मग पोरांनी कशाला?"

एआयला सांगितलं "आंबे पाडायचा गेम कर" तर तो मिनिटात करून देतो, मस्त चालतो. मग सांगा, सडका आंबा घाल, दोन खेळाडू कर, टोपलीला जीव दे. चार-पाच फेऱ्यांनंतर कुठेतरी काहीतरी मोडतं, आणि कुठे मोडलं हे सांगायला कुठलं काम कोणाकडे आहे हे आपल्याला वाचता यायला लागतं. ऑफिसात माझा बराचसा वेळ हल्ली असाच जातो, लिहिण्यात कमी, लिहिलेलं वाचून "हे याचं काम नाही" म्हणण्यात जास्त. टाइप करायची मेहनत वाचली हे चांगलंच झालं, हद्दी आखायची मेहनत कोणी वाचवलेली नाही. एका अटीवर मी पोरांना एआय वापरू देतो: आधी कागदावर पात्रांची नावं आणि प्रत्येकाची कामं लिहायची, मग विचारायचं.

क्लास लावताना काय बघायचं

सर्टिफिकेट आणि रोबोटचे फोटो बघू नका. डेमोच्या दिवशी पोराने केलेला गेम उघडायला सांगा आणि त्याच्या सरांना जरा बाजूला चहाला पाठवा. मग पोराला दोन कामं द्या. एक, सगळ्या पडणाऱ्या वस्तूंचा वेग दुप्पट कर. दोन, त्यातल्या एकाच वस्तूचा वेग निम्मा कर. पहिलं काम एका ठिकाणी झालं आणि दुसरं करताना बाकीच्या वस्तू बिघडल्या नाहीत, तर क्लास चांगला आहे, भाषा कुठलीही शिकवत असोत. वस्तू बिघडल्या पण पोरगं मान खाली घालून शोधत बसलं, तरीही क्लास चांगला आहे. आणि ते दाराकडे बघायला लागलं, तर गेम सरांचा आहे, पुढच्या महिन्याची फी भरू नका.